सोनटक्का की पेव? फुलाआधी पानं बघा

जूनच्या पहिल्या पावसानंतर वर आलेल्या कोंबांवरून दोघांतला फरक चटकन कळत नाही. दोन्ही कंदाची झाडं. दोघांची पानं लांबट, दोघांना आंब्याची विरळ सावली मानवते, दोघं माणसाच्या उंचीला पोचतात आणि दोघांची फुलं पांढरी. मी एका रोपवाटिकेतून सोनटक्का म्हणून कंद आणले होते. ऑगस्टमध्ये फूल आल्यावर मोठ्या हौसेने वास घ्यायला वाकले, तर वासच नाही. ते पेव होतं.

खरं तर फुलापर्यंत थांबायची गरजच नव्हती. सोनटक्क्याची पानं दांड्याच्या दोनच बाजूंना, समोरासमोर ओळीत लागतात. पेवाची पानं दांड्याभोवती गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी फिरत वर चढतात, आणि त्यांच्याबरोबर दांडाही पिळवटतो. वरून डोकावलं की हे लख्ख दिसतं. अजूनही शंका असेल तर कंदाचा लहान तुकडा मोडून हुंगा. सोनटक्का आल्याच्या कुळातला, त्यामुळे आल्यासारखा वास येतो. पेवाला तसा वास नाही.

फुलल्यावर मात्र चूक होणं कठीण. पेवाच्या टोकाला लालभडक कणीस येतं आणि त्यातून झिरझिरीत कागदासारखी पांढरी फुलं एकदोन करून बाहेर पडतात. फुलं गळाली तरी ते लाल कणीस कितीतरी दिवस टिकतं, आणि मला तर फुलाइतकंच आवडतं. (‘पेव फुटणे’मधलं पेव धान्य साठवायचं, त्याचा या झाडाशी संबंध नाही.) सोनटक्क्याचं कणीस हिरवं, फूल फुलपाखरासारखं. क्यूबाचं ते राष्ट्रीय फूल, आणि तिथे त्याला म्हणतात ‘मारिपोसा’, म्हणजे फुलपाखरूच.

नीट ओळखायचं ते पाण्यासाठी. सोनटक्क्याला पाय ओले लागतात. न्हाणीचं पाणी जातं तिथे तो सुखाने वाढतो, आणि उन्हाळ्यातही त्याला कोरडं ठेवून चालत नाही. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडाशी कापून टाकावा म्हणजे नव्या कोंबांना जागा होते. पेव मूळचं आपल्या सह्याद्रीच्या रानातलंही. पाऊस सरला की ते पिवळं पडतं, वाळतं. झाड मेलं असं समजून लोक पाणी ओतत राहतात आणि जमिनीतला झोपलेला कंद कुजतो. माझे निम्मे कंद असेच गेले. वाळलं की पाणी बंद करा, जागेवर खूण म्हणून एक काठी रोवा, म्हणजे खणताना कंदाला कुदळ लागणार नाही.

दोन्ही हवे असतील तर पेव कुंपणाकडे, निचऱ्याच्या जमिनीत लावा. सोनटक्का खिडकीखाली, कारण त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात.