गाडीतलं नॅव्हिगेशन शिकताना: जुनी गाडी घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

गाडी घेऊन गेल्यावर पहिल्या महिन्यात आम्हाला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे इंजिनाबद्दल नसतात. "मधल्या स्क्रीनवरचा तो नकाशा कसा लावायचा हो?" असं विचारणारे असतात. गाडी ताब्यात देताना आम्ही सगळं दाखवतो. पण तेव्हा घरच्यांना पूजेची घाई असते, चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं, पेढे वाटायचे असतात. त्या गडबडीत सांगितलेलं लक्षात राहत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. म्हणून हे लिहून देत आहोत. आरसी आणि इन्शुरन्सच्या पाकिटातच हा कागद ठेवा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. नॅव्हिगेशन शिकायचं ते ओळखीच्या रस्त्यावर. परगावी लग्नाला निघताना फाटकाबाहेर ते पहिल्यांदा चालू करू नका. रस्ता पाठ असला की यंत्र कुठे बरोबर आहे, कुठे उशिरा बोलतं आणि कुठे साफ चुकतं, हे तुम्हाला लगेच कळतं. अनोळखी रस्त्यावर ते कळायला मार्गच नसतो.

पहिल्या संध्याकाळी, गाडी दारात उभी असताना

हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. गाडी मोकळ्या आभाळाखाली हवी, बंद गॅरेजमध्ये नको. स्क्रीनजवळचं 'नॅव्ही' किंवा 'मॅप' लिहिलेलं बटण दाबा. सुरुवातीला एक इशारा येतो, तो वाचून 'ओके' करा.

नकाशाच्या कोपऱ्यात होकायंत्राचं छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की नकाशा दोन प्रकारे दिसतो: एकात उत्तर दिशा कायम वर राहते, दुसऱ्यात गाडीचं तोंड कायम वर राहतं. नवशिक्याने दुसरा ठेवावा. पहिल्या प्रकारात तुम्ही साताऱ्याहून दक्षिणेकडे, म्हणजे कराडकडे निघालात की स्क्रीनवरची डावी बाजू तुमची उजवी होते आणि ऐन चौकात गोंधळ उडतो.

आवाजाचं एक गुपित आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. सूचना देणाऱ्या बाईचा आवाज लहान येतो म्हणून लोक गाणी मोठी करतात, मग गाणी कानठळ्या बसवतात आणि सूचना तशीच पुटपुटते. बऱ्याच गाड्यांत सूचनेचा आवाज वेगळा असतो, आणि तो सूचना चालू असतानाच बदलता येतो. ती बोलायला लागली की त्याच क्षणी आवाजाचं बटण फिरवा. एकदा जमलं की कायमचं जमलं.

मग 'होम' भरा, म्हणजे तुमच्या घराचा पत्ता. जुनी गाडी आमच्याकडे येते तेव्हा तिच्यात आधीच्या मालकाचं घर, त्यांच्या मुलांची शाळा, फोनमधली नावं असं सगळं साठलेलं असतं. गाडी तुम्हाला देण्याआधी आम्ही 'फॅक्टरी रीसेट' करून ते पुसतो. दुसऱ्याच्या घरचा पत्ता तुमच्या हाती जाणं आम्हाला योग्य वाटत नाही. उद्या तुम्ही ही गाडी विकाल तेव्हा तुमचाही तसाच पुसून घ्या, घेणारा ओळखीचा असला तरी.

गावाचं नाव टाकताना

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, त्यामुळे इथे थोडं सविस्तर.

गेल्या उन्हाळ्यात आमचे एक ग्राहक कुटुंबासह खेडला लग्नाला निघाले. खेड म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, चिपळूणच्या अलीकडचं. त्यांनी खेड टाकलं, यादीत पहिलं आलेलं नाव निवडलं आणि निघाले. गाडी पुण्याकडे न्यायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, भोरवरून वरंध घाटाने खाली उतरवत असेल. खेड शिवापूरचा टोलनाका समोर आला तेव्हा उलगडा झाला. यंत्र त्यांना पुणे जिल्ह्यातल्या खेडला, राजगुरुनगरला नेत होतं. लग्नाला पोहोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामांच्या मांडीवर बसून निघालेली लहान मुलगी नवरी-नवरदेव बघायला मिळाले नाहीत म्हणून रडत होती, हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा आम्हालाच वाईट वाटलं. गाडी देताना ही गोष्ट ठासून सांगायला हवी होती.

आता मोजा. आपल्या सातारा शहराला लागून एक खेड आहे, वाटेत खेड शिवापूर, पुढे राजगुरुनगरचं खेड आणि कोकणातलं खेड. आपल्याच जिल्ह्यात वाठार स्टेशन, वाठार किरोली आणि वाठार निंबाळकर आहेत. शिरूर पुण्याकडे आहे, शिरूर कासार बीडमध्ये आणि शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचंही. बुद्रुक आणि खुर्द तर प्रत्येक तालुक्यात. म्हणून यादीतलं नाव निवडण्याआधी त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेला जिल्हा वाचा. निवडल्यावर लगेच 'स्टार्ट' दाबू नका, एकूण किलोमीटर बघा. किती अंतर आहे याचा अंदाज आपल्या मनात असतोच. चाळीस किलोमीटरच्या गावाला यंत्र दीडशे दाखवत असेल तर गाव चुकलं.

दुसरी अडचण स्पेलिंगची. जुन्या सेटवर नाव इंग्रजी अक्षरांतच टाकावं लागतं, आणि मराठी 'व' कधी व्ही होतो, कधी डब्ल्यू. वाई डब्ल्यूने सापडते, वडूज व्हीने. एकाने मिळालं नाही तर दुसरं टाका. शेवटच्या 'वाडी'तही तीच गंमत. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा पहिली चार अक्षरं टाकून यादी बघणं सोपं.

काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले अक्षांश-रेखांश टाकतात. छान सोय आहे, पण आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा. फोनवर १६.४५ असा दशांश येतो. गाडी अंश आणि मिनिटं मागत असेल तर १६.४५ म्हणजे १६ अंश २७ मिनिटं, कारण एका अंशात ६० मिनिटं असतात. तुम्ही सरळ ४५ टाकलंत तर १८ मिनिटांची चूक, म्हणजे जमिनीवर सुमारे ३३ किलोमीटर.

यंत्राला आपण कुठे आहोत हे कसं कळतं

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे जीपीएस उपग्रह वेळेचे संकेत पाठवत असतात. गाडीतल्या सेटला किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की तो हिशोब करून जागा काढतो. आपल्या इस्रोची 'नाविक' यंत्रणाही आहे, तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला गेला. पण जुन्या गाड्यांतले सेट बहुतेक जीपीएसवरच चालतात. गाडी बरेच दिवस उभी असेल किंवा बॅटरी बदलली असेल तर सेटला उपग्रहांची सगळी माहिती नव्याने गोळा करावी लागते आणि त्याला दहा-बारा मिनिटंही लागू शकतात. बिघाड समजून आमच्याकडे धाव घेऊ नका. उघड्यावर थांबा.

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. तरीही पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात तुमचा बाण पुढे सरकत राहिलेला दिसेल. कंपनीने बसवलेल्या बऱ्याच सेटना चाकांचा वेग आणि गाडीचं वळणं समजतं, त्यावरून ते अंदाजाने चालतात. बाहेर पडल्यावर बाण थोडा उडी मारून जागेवर येतो.

उंचीच्या बाबतीत मात्र यंत्र कच्चं आहे. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालचा भुयारी रस्ता, २०२१ मध्ये सुरू झाला. तुम्ही वर आहात की खाली हे सेटला सांगता येत नाही, आणि जुन्या नकाशात तो भुयारी रस्ताच नाही. महामार्ग आणि सेवा रस्त्याचंही असंच. दोघांत जेमतेम काही मीटरचं अंतर, त्यामुळे तुम्ही सेवा रस्त्यावर असताना बाण हायवेवर दिसतो. वाढे फाट्याला हे स्वतः बघून घ्या. अशा ठिकाणी स्क्रीन सोडा आणि रस्त्यावरची पाटी वाचा.

तुमचा नकाशा कोणत्या सालचा?

'सेटिंग्ज'मध्ये 'मॅप व्हर्जन' किंवा 'सिस्टम इन्फो' असतं, तिथे साल दिसतं. गाडी २०१८ची असेल आणि नकाशा कधी बदलला नसेल तर तो २०१८चाच, किंवा त्याच्याही आधीचा.

म्हणजे काय होतं? नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये. जुन्या नकाशात तुम्ही त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर असताना बाण शेतातून धावताना दिसतो आणि यंत्र मागे वळा, मागे वळा म्हणत राहतं. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू जानेवारी २०२४चा. तिथे तर बाण समुद्रात असतो. पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. जुना नकाशा तिथे पाडलेल्या चौकाची वळणं सांगतो. आपल्याकडची माणसं कोथरूडला नातेवाइकांकडे जाताना हमखास तिथेच फसतात.

नावांचंही तेच. जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर सापडणार नाही, औरंगाबाद टाकावं लागेल. धाराशिवसाठी उस्मानाबाद, अहिल्यानगरसाठी अहमदनगर. महामार्गांचे नंबर बदलले आहेत: पुणे-बंगळूर रस्ता आता ४८, पूर्वीचा ४, मुंबई-गोवा आता ६६, पूर्वीचा १७. यंत्र एक नंबर म्हणेल, पाटीवर दुसरा असेल, तर घाबरून वळू नका.

आठवडाभराचा सराव

पहिले दोन दिवस घरातून कामाच्या ठिकाणी जाताना नॅव्हिगेशन लावा, जरी रस्ता पाठ असला तरी. "तीनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हटल्यावर ते वळण डोळ्यांना किती लांब दिसतं, हे मनात बसवा. गावात तीनशे मीटर भरपूर वाटतात. हायवेवर ताशी ८० च्या वेगाने तेच अंतर १३ सेकंदांत संपतं. तेवढ्यात आरसा बघून, इंडिकेटर देऊन लेन बदलायची असते.

तिसऱ्या दिवशी मुद्दाम चुका. डावीकडे म्हटलं की सरळ जा. यंत्र क्षणभर गप्प होईल आणि नवा रस्ता काढेल. हे एकदा अनुभवलं की पुढे खरी चूक झाल्यावर हात थरथरत नाहीत आणि कुणी ऐन रस्त्यात ब्रेक दाबत नाही. वळण चुकलं तर पुढे जा, यंत्र सांभाळून घेतं.

घरातल्या आणखी एका माणसाला हे शिकवा, म्हणजे जो शेजारी बसतो त्याला. ताशी ६० च्या वेगाने दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. काही गाड्यांत चालताना कीबोर्ड उघडतच नाही, तो याच कारणाने. पत्ता बदलायचा असेल तर शेजारच्याने सांगावं आणि गाडी बाजूला घेऊन टाकावा. आमच्या अनुभवात वहिनी आणि नववी-दहावीतली मुलं हे सगळ्यांत लवकर शिकतात.

जवळचा रस्ता म्हणजे चांगला रस्ता नव्हे

'रूट सेटिंग्ज'मध्ये 'शॉर्टेस्ट' आणि 'फास्टेस्ट' असे पर्याय असतात. 'शॉर्टेस्ट' कधीही ठेवू नका. शे-दोनशे मीटर वाचवायला ते पाणंदीत घालतं. 'फेरी' (गाड्या पाण्यापलीकडे नेणारी बोट) आणि 'कच्चा रस्ता' टाळण्याचे पर्यायही चालू ठेवा. रघुवीर घाट स्क्रीनवर खेडला जायचा किती सरळ मार्ग वाटतो! पण मध्ये शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाचं पाणी आहे, तापोळ्याला गाडी तराफ्यावर चढवावी लागते, आणि अंधार पडल्यावर तराफा मिळेलच असं नाही. कोकणात दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडले अशा जेट्यांच्या बाबतीतही आधी फेरीची वेळ विचारा, मगच तो रस्ता धरा.

पावसाळ्यात आंबेनळी आणि वरंध घाट दरडींमुळे अनेकदा बंद होतात. गाडीतल्या साठवलेल्या नकाशाला हे कळत नाही. पोहोचण्याची जी वेळ तो दाखवतो, तिच्यात घाट असेल तर आम्ही स्वतः अर्धा तास मिळवतो, धुकं असेल तर जास्त.

फोनवरचा नकाशा असताना हा कशाला, असं तरुण ग्राहक विचारतात. फोनला वाहतूककोंडी कळते, बंद रस्ता कळतो, नवे रस्ते कळतात. पुण्या-मुंबईत तोच लावा, पण हातात धरून नव्हे, स्टँडवर. कासच्या पुढे बामणोलीकडे उतरताना मात्र फोनची रेंज जाते, आणि गाडीतल्या नकाशाला रेंज लागतच नाही. डोंगरात आम्ही दोन्ही चालू ठेवतो.

नकाशा बदलून हवा असेल तर

काही गाड्यांत नकाशा एसडी कार्डवर असतो आणि ते कार्ड त्याच गाडीला बांधलेलं असतं. मित्राच्या गाडीचं कार्ड चालत नाही, आणि गाडीतलं कार्ड फोटोंसाठी काढून पुसू नका. काहींत पेनड्राइव्हवरून भरावा लागतो. कोणत्या गाडीसाठी नवा नकाशा मिळतो आणि कोणत्या कंपनीने तो देणं बंद केलंय, हे आम्ही आधी बघून खरं ते सांगू. मिळत नसेल तर पैसे घेऊन काहीतरी भरून देणार नाही.

भरताना इंजिन चालू ठेवावं लागतं आणि मध्ये बंद केलं तर सेट अडकू शकतो. त्यामुळे येताना टाकीत थोडं इंधन असू द्या, हाताशी निवांत वेळ ठेवा आणि दुपारी या. सकाळी आमच्या अंगणात धुवायच्या गाड्यांची दाटी असते. मॅप व्हर्जनचा फोटो आधी पाठवलात तर तुमचा हेलपाटा वाचेल.