निविदा-पूर्वसूचना

सरकारी संस्था अमुक वस्तू, काम किंवा सेवा घेण्याच्या विचारात आहे, एवढेच कळवणारी, प्रत्यक्ष निविदा निघण्याआधीची जाहीर सूचना. तिच्यावर दर भरता येत नाहीत, अनामत रक्कम लागत नाही आणि सूचना दिली म्हणून खरेदी केलीच पाहिजे असे बंधनही संस्थेवर येत नाही. वर्तमानपत्रात येणाऱ्या ‘जाहीर निविदा सूचने’शी तिची गल्लत होते. ती सूचना निघते तेव्हा दर भरण्याचे दिवस मोजायला सुरुवात झालेली असते, पूर्वसूचना त्याआधीची.

हिची खरी गरज लहान पुरवठादाराला. भारताच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 प्रमाणे जाहिरात देऊन मागवलेल्या निविदेला साधारणतः किमान तीन आठवडे मिळतात. परदेशातूनही दर मागवायचे असतील तर चार. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आठ-दहा कामगारांवर रुग्णालयाच्या खाटा बनवणाऱ्याने या तीन आठवड्यांत सीएकडून उलाढालीचा दाखला आणायचा, आधीच्या पुरवठ्याची प्रमाणपत्रे जमवायची, पाइप-पत्र्याचे भाव काढायचे आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. चाचणीचा अहवालच शेवटच्या तारखेनंतर हातात पडला, तर बाकीची सगळी धावपळ वाया जाते. दरवर्षी पुरवठा करणाऱ्याची फाइल मात्र तयारच असते.

जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात संस्थांना वित्तीय वर्षात शक्य तितक्या लवकर भावी खरेदीची सूचना देण्यास उत्तेजन दिले आहे, सक्ती केलेली नाही. त्याच्या मोबदल्यात सवलत आहे : सूचना किमान 40 दिवस आणि जास्तीत जास्त 12 महिने आधी दिलेली असेल, तर दर भरण्याची 40 दिवसांची किमान मुदत 10 दिवसांपर्यंत खाली आणता येते. युरोपीय संघाच्या सरकारी खरेदीविषयीच्या 2014 च्या निर्देशातही हाच व्यवहार आहे. तेथे खुल्या निविदेचे 35 दिवस 15 वर येतात. त्यासाठी पूर्वसूचना 35 दिवस ते 12 महिने आधी पाठवलेली असावी लागते आणि त्या वेळी उपलब्ध असलेला तपशील तिच्यात असावा लागतो. या सूचना ‘टेंडर्स इलेक्ट्रॉनिक डेली’ या संकेतस्थळावर किंवा खरेदीदाराच्या स्वतःच्या पानावर येतात.

तपशिलाची ही अट सर्वांत मोलाची आहे. ‘वैद्यकीय साहित्य, तिसरी तिमाही’ एवढ्यावर कुणी चाचणीला नमुना पाठवणार नाही. खाटांचा प्रकार, अंदाजे संख्या, अपेक्षित खर्च आणि निविदेचा महिना लिहिला असेल तरच तयारी होते. मोघम सूचना देऊन मुदत घटवली, तर ज्याच्यासाठी सूचना काढली त्याचेच दिवस कापले जातात.

ब्रिटनमध्ये खरेदी कायदा, 2023 हा 24 फेब्रुवारी 2025 पासून लागू झाला आणि त्याने पूर्वसूचनेचे वेगवेगळे प्रकार केले. वर्षाला 10 कोटी पौंडांहून अधिक खर्च अपेक्षित असलेल्या संस्थांना पुढील 18 महिन्यांतील 20 लाख पौंडांवरील कंत्राटांची यादी वित्तीय वर्ष सुरू झाल्यापासून 56 दिवसांत प्रसिद्ध करावी लागते. एकेका खरेदीची पूर्वसूचना ऐच्छिक आहे. मुदतीची सवलत तिलाच जोडलेली आहे. निविदेआधी बाजाराशी चर्चा करायची असेल तर तिचीही सूचना द्यावी लागते, किंवा ती का दिली नाही हे निविदेत सांगावे लागते. मर्जीतल्या पुरवठादाराशी बंद दाराआड बोलून अटी ठरवण्याला यामुळे आळा बसतो.

भारत 2010 पासून सरकारी खरेदी करारात निरीक्षक आहे, सदस्य नाही. तरी 2017 च्या वित्तीय नियमांनुसार केंद्राच्या प्रत्येक मंत्रालयाने वर्ष सुरू होण्यापूर्वी वार्षिक खरेदी आराखडा करून संकेतस्थळावर ठेवायचा असतो. त्याआधी 2012 च्या सूक्ष्म व लघू उद्योगांसाठीच्या खरेदी धोरणानेही केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांना तो प्रसिद्ध करायला सांगितले, आणि कारणही स्पष्ट दिले : या उद्योगांना गरजांची आगाऊ माहिती मिळावी. खरेदी आराखड्यात आली म्हणून निविदेची मुदत घटवण्याची तरतूद 2017 च्या नियमांत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये आराखडा वाचून नमुना चाचणीला धाडणाऱ्या खाटवाल्याला निविदा निघाल्यावर साधारणतः पूर्ण तीन आठवडे मिळतात.