पुण्यातली छोटी संग्रहालये आणि त्यांची बिनपगारी माणसे

पुण्यात संग्रहालयांना तोटा नाही. शुक्रवार पेठेत केळकर, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, घोले रोडला महात्मा फुले वस्तुसंग्रहालय, कोथरूडच्या बाजूला जोशींची छोटी रेल्वे, सहकारनगरात क्रिकेटच्या बॅटी, कर्वेनगरात सायकली. फुले संग्रहालय १८९० चे, तेव्हा त्याला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते आणि भर होता उद्योगधंद्यांवर. बाकीची बहुतेक एकट्याच्या छंदातून नाहीतर चारचौघांच्या हट्टातून उभी राहिली. अशा ठिकाणी फुकट राबायला येणारे निवृत्त कारकून, इतिहासाचे विद्यार्थी, मोडी शिकणाऱ्या गृहिणी यांच्याकडे हल्ली कौतुकाने पाहिले जाते. पण ही काही नवी टूम नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिची सुरुवात कागदांपासून झाली.

इतिहास संशोधक वि. का. राजवाडे दप्तरे, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, शोधत गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर, कोठीच्या खोल्यांत, वाळवीच्या तोंडून त्यांनी कागद काढले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तो पानिपतापर्यंतच्या दशकातल्या पत्रांचा. पुढे एकूण बावीस खंड झाले. या कामाला ना सरकारी पगार होता, ना विद्यापीठाची खुर्ची. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हाही मुख्य भांडवल होते ते सभासदांची वर्गणी आणि त्यांचा रिकामा वेळ. राजवाड्यांचे मंडळाशी फार काळ पटले नाही, ही गोष्ट पुण्यात वेगळी सांगायची गरज नसावी. शेवटची वर्षे त्यांनी धुळ्याला काढली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ व संग्रहालय आज धुळ्यात आहे. पुण्याचे मंडळ पुढे चालले ते दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारख्यांच्या जोरावर. खऱ्यांनी तर फारसी कागद, नाणी, मूर्ती आणि शिलालेख यांत हयात घालवली. मंडळाकडे आज पंधरा लाखांहून अधिक कागद आहेत असे सांगितले जाते. एवढा ढीग पगारी माणसांच्या बळावर लावून होणे शक्यच नव्हते.

हे काम दिसते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कागद रुमालात, म्हणजे कापडी बस्त्यात बांधलेले असतात. रुमाल सोडला की आधी धूळ झाडायची, मऊ ब्रशने, कागदाच्या मधून कडेकडे. उलट केले तर फाटकी कड आणखी फाटते. मग मोडी वाचायची. अख्खे पत्र नाही, आधी मायना आणि तारीख. तारीख बहुधा शुहूर सनात, म्हणजे मराठ्यांच्या कागदांत चालणाऱ्या कालगणनेत, अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. जानेवारीतला कागद असेल तर ११६१ चे १७६१ होतात, म्हणजे पानिपताचा महिना. मिळवणीत एक चुकला की लढाईआधीचा कागद लढाईनंतरचा ठरतो. शेवटी एका कार्डावर कोणाचे, कोणाला, केव्हाचे आणि कशाबद्दल, एवढे लिहायचे. मंडळाने मोडीचे वर्ग चालवले त्यामागे हीच गरज होती. हौस म्हणून वर्गाला आलेल्यांपैकी थोडे टिकतात, पण जे टिकतात त्यांचे हात पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतात.

वस्तूंच्या संग्रहाची तऱ्हा वेगळी. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे कवी. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. दिवे, अडकित्ते, वज्री, करंडे, दौती, कोरीव दारे. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या बाईच्या हातात रोज असणाऱ्या वस्तूंकडे त्यांचे लक्ष होते, आणि माझ्या मते हेच त्या संग्रहाचे खरे वेगळेपण. पत्नी कमलाबाईंचा या खटाटोपात बरोबरीचा वाटा होता. बिनपगारी माणसांची यादी करायचीच तर पहिले नाव त्यांचे घालावे लागेल. लहानपणीच गेलेला मुलगा राजा याच्या नावाने संग्रहालय झाले. १९६२ मध्ये केळकरांनी संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला, तोवर तो पंधरा हजारांच्या घरात गेला होता. आज वस्तू वीस हजारांवर आहेत आणि मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास, असा आकडा दिला जातो. म्हणजे बराचसा संग्रह कपाटांत. त्याची देखभाल, मोजदाद आणि नोंद हे काम पाहुण्यांना कधी दिसत नाही.

एकट्याच्या संग्रहाची मोठी अडचण नेमकी इथे येते. वस्तू कुठल्या गावची, कोणाच्या घरातली, कितीला आणि का घेतली, हे सगळे संग्राहकाला तोंडपाठ असते. वहीत मात्र ‘पितळी दिवा, १’ एवढेच. माणूस गेला की दिवा राहतो आणि त्याचे गाव जाते. स्वयंसेवकांनी काही मोलाचे करायचे असेल तर ते संग्राहक हयात असताना त्याच्यासमोर वही घेऊन बसणे. उद्घाटनाला समया लावायला माणसे भरपूर मिळतात, या कामाला मिळत नाहीत.

१९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू झाला, आणि नोंद ही आवडीची बाब उरली नाही. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रे, पंचाहत्तर वर्षांहून जुनी सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वस्तू छायाचित्रांसह नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवणे आले. विश्वस्त संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब वेगळे. ज्यांनी उभी हयात वस्तू गोळा करण्यात घालवली, त्यांच्यापैकी अनेकांना हे अर्ज म्हणजे शिक्षाच वाटली. इथे निवृत्त कारकून कामाला आले. फायलीची सवय असलेला माणूस संग्रहालयाला पुरातत्त्वाच्या पदवीधराइतकाच लागतो.

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची नासधूस झाली. ते संग्रहालय नव्हे, पण विखुरलेली पुस्तके आणि पोथ्या उचलून लावायला जी सामान्य माणसे आली, त्यांतून एक गोष्ट संस्थांच्या लक्षात आली: मदत करायची इच्छा असलेले लोक गावात आहेत, त्यांना शिकवून कामाला लावणारे मात्र कमी आहेत.

शिकवावे लागते ते असे. वस्तूचा दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहाच्या नोंदवहीतला तिचा क्रमांक, दर्शनी बाजूला लिहायचा नाही, तळाशी लिहायचा. आधी पारदर्शक लेपाची छोटी पट्टी, ती वाळली की त्यावर शाईने अंक, वर पुन्हा लेप, म्हणजे उद्या पुसायची वेळ आली तर मूळ पृष्ठभागाला धक्का लागत नाही. कापडावर थेट लिहीत नाहीत. सुती नाडीवर अंक लिहून ती आतल्या बाजूला दोन टाके घालून अडकवतात. पितळ पाहून चिंच-मीठ आठवणाऱ्याला आधी थांबवावे लागते, कारण वस्तूवर चढलेला काळपटपणा हाही तिच्या वयाचा पुरावा असतो. एका माणसाच्या हातून एका दुपारी अशा दहा-बारा वस्तू नीट झाल्या तरी पुष्कळ.

नव्या संग्रहालयांत हे ओझे तूर्त हलके आहे. जोशींची छोटी रेल्वे १ एप्रिल १९९८ ला सुरू झाली, क्रिकेटचे संग्रहालय २०१२ चे. तिथे गाडी कशी बनवली किंवा बॅट कोणाकडून मिळाली हे सांगणारी माणसे अजून गाठता येतात. ते सांगणे रेकॉर्ड करून दाखल क्रमांकाला जोडायला फोन पुरतो आणि महिन्यातले दोन शनिवार.