आयसीएस आणि सीएसव्ही: कॅलेंडरच्या दोन फायली, दोन वेगळी कामं

क्लासिक आउटलूकमधून (मायक्रोसॉफ्टचा ईमेल आणि कॅलेंडरचा जुना प्रोग्राम) अपॉइंटमेंट बाहेर काढायच्या दोन वाटा आहेत. एकीतून आयसीएस फाईल मिळते, दुसरीतून सीएसव्ही. दोन्हींत तारीख, वेळ आणि विषय दिसतो, म्हणून सांगलीतल्या बऱ्याच ऑफिसांत हाताला येईल ती फाईल वापरली जाते. चूक कळते ती तीन महिन्यांनी, रिटर्नची तारीख उलटून गेल्यावर.

सीएसव्ही हा साधा तक्ता आहे. एका ओळीत एक अपॉइंटमेंट, दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. एक्सेलमध्ये उघडते आणि भराभर भरता येते. आयसीएसमध्ये खुद्द अपॉइंटमेंट असते: ती पुन्हा कधी यायची याचा नियम, टाइमझोन, आठवण किती आधी द्यायची, आणि प्रत्येक नोंदीचा स्वतःचा ओळख क्रमांक. ही रचना १९९८ मध्ये प्रमाण म्हणून ठरली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. आउटलूक, थंडरबर्ड, गूगल कॅलेंडर, अ‍ॅपल कॅलेंडर हे सगळेच ती वाचतात.

सगळ्यात मोठा फरक पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींत पडतो. कर सल्लागाराच्या ऑफिसचं उदाहरण घ्या. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरायची ७ तारीख, मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) ची ११, जीएसटीआर-थ्री-बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र) ची २०. वर्षभराच्या सीएसव्हीत या ३६ ओळी होतात. आयसीएसमध्ये नोंदी तीनच, प्रत्येकीत ‘दर महिन्याला, अमुक तारखेला’ असा नियम. बँकांच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्टीला (१ सप्टेंबर २०१५ पासूनची) तर एकच नोंद पुरते, कारण आयसीएसच्या नियमात ‘दुसरा शनिवार, चौथा शनिवार’ असंच लिहिता येतं (आउटलूकमध्ये मात्र दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात). महिनाअखेरचा स्टॉक मोजायचा असेल तर नियमात ३१ तारीख घालू नका. ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना आयसीएसच्या प्रमाणानुसार गाळला जातो. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ म्हणजे उणे १ हा आकडा घालावा लागतो.

आउटलूकमधून सीएसव्ही काढताना पुन्हा पुन्हा येण्याचा नियम मोडतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, असं आउटलूक विचारतं आणि तेवढ्या काळातल्या नोंदी सुट्या ओळी करून लिहितं. तीच फाईल परत आत घेतली तर सुट्या नोंदीच येतात, साखळी जुळत नाही. पुढे वेळ बदलायची झाली की एकेक उघडून बदला. म्हणून बॅकअप कधीही सीएसव्हीत ठेवू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पण सीएसव्हीची एक बाजू खरोखर बळकट आहे. मार्च महिन्याचा टीडीएस खासगी कापणाऱ्यांना ७ एप्रिलऐवजी ३० एप्रिलपर्यंत भरता येतो. तक्त्यात त्या एका ओळीची तारीख बदलली की झालं. नियमाच्या नोंदीत एप्रिलची नोंद उघडून ‘फक्त हीच’ असा पर्याय निवडून बदलावी लागते, नाहीतर बाराही महिने ३० तारखेला जातात. पन्नास-साठ वेगवेगळ्या तारखा एकदाच भरायच्या असतील तर सीएसव्हीच सोयीची.

आता तारखांचा घोळ. गूगल कॅलेंडरला सीएसव्हीत आधी महिना, मग दिवस लागतो. आउटलूक मात्र विंडोजच्या रीजन सेटिंगप्रमाणे वाचतं आणि आपल्याकडे ते बहुधा दिवस-महिना असतं. तुम्ही ११/०७/२०२६ लिहिलं तर आउटलूकमध्ये ११ जुलै पडते, गूगलमध्ये ७ नोव्हेंबर. २०/०७/२०२६ ला गूगल अडतं, कारण विसावा महिना नसतो. अडलेली ओळ निदान लक्षात येते. ११ तारखेची ओळ मात्र गुपचूप नोव्हेंबरात जाऊन बसते, आणि धोका तिथेच आहे. त्यात एक्सेल स्वतःहून तारखांचं रूप बदलतं. तारखेचा रकाना भरण्याआधी त्याचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा आणि सेव्ह केल्यावर फाईल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. एक्सेलमध्ये पुन्हा डबल क्लिक करून तपासू नका, तिथे दिसतं ते फाईलमधलं असेलच असं नाही.

आयसीएसमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ आकड्यांत असते, त्यामुळे उलटापालट होत नाही. तिथला घोळ वेळेचा. वेळेच्या शेवटी ‘झेड’ अक्षर असेल तर ती ग्रिनिचची वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी ११ ची अपॉइंटमेंट त्यामुळे फाईलमध्ये ०५३००० झेड अशी दिसते आणि ती बरोबर आहे. कुणी हाताने ११०००० झेड लिहिलं तर कॅलेंडरात दुपारचे साडेचार होतात. पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही: १९ तारखेची सुट्टी असेल तर सुरुवात १९, शेवट २० असं लिहितात. (फाईलमधले शब्द आणि आकडे इंग्रजीतच असतात.)

पत्त्यातला स्वल्पविराम सीएसव्हीला नडतो. ‘गणपती पेठ, सांगली’ हे अवतरणात नसेल तर ‘सांगली’ पुढच्या रकान्यात सरकते आणि तिथून पुढचं सगळं एक घर चुकतं. एक्सेल अवतरणं आपोआप घालतं. नोटपॅडमध्ये हाताने लिहिताना ती राहून जातात.

मराठी मजकुराचं काय? एक्सेलमध्ये साधं ‘सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)’ निवडून सेव्ह केलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि त्या फाईलमधून मूळ मजकूर परत मिळत नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. गूगल ती नीट वाचतं. क्लासिक आउटलूक सीएसव्ही जुन्या पद्धतीने वाचतं, त्यामुळे मराठी नावांचा तिथे अक्षरगोंधळ होतो. आयसीएसला ही अडचण नसते. म्हणून मराठी तक्ता आउटलूकमध्ये न्यायचा असेल तर आधी सीएसव्ही गूगल कॅलेंडरात घ्या, तिथून आयसीएस काढा (झिप फाईल उतरते, ती सोडवा) आणि ती आउटलूकला द्या.

आउटलूकमध्ये आत घ्यायचा रस्ता दोन्हींना एकच: फाईल, ओपन अँड एक्सपोर्ट, इम्पोर्ट/एक्सपोर्ट. सीएसव्हीसाठी पुढे ‘मॅप कस्टम फील्ड्स’ उघडून आपला रकाना योग्य नावाला जोडलाय ना ते बघा. आयसीएस देताना आउटलूक विचारतं: ‘ओपन अ‍ॅज न्यू’ की ‘इम्पोर्ट’. पहिल्याने वेगळं कॅलेंडर शेजारी उघडतं, दुसऱ्याने सगळं तुमच्या चालू कॅलेंडरात मिसळतं. आधी पहिलं निवडून नजर फिरवा. नव्या आउटलूकमध्ये ‘अ‍ॅड कॅलेंडर’मधून ‘अपलोड फ्रॉम फाईल’ आहे आणि तिथे आयसीएस द्यायची. गूगलचं इम्पोर्ट मोबाईल ॲपमध्ये नाही, संगणकावरच्या सेटिंग्जमध्ये आहे.

बाहेर काढताना आयसीएससाठी ‘सेव्ह कॅलेंडर’ आणि त्यात ‘मोअर ऑप्शन्स’. ही खिडकी घाईत बंद करू नका. मिरजेतले डॉक्टर बुधवारी जतला किंवा तासगावला व्हिजिटिंग ओपीडीला जात असतील आणि तिथल्या रिसेप्शनला आपल्या मोकळ्या वेळा कळवायच्या असतील, तर ‘अ‍ॅव्हेलेबिलिटी ओन्ली’ निवडावं. समोरच्याला फक्त ‘बिझी’ दिसतं, पेशंटचं नाव जात नाही. ‘फुल डिटेल्स’मध्ये नाव, टिपणं सगळं जातं. स्वतःच्या बॅकअपसाठी मात्र ‘फुल डिटेल्स’ आणि संपूर्ण कॅलेंडर हेच हवं. सीएसव्हीत असा पर्याय येत नाही. तिथे नको ते रकाने आपणच पुसायचे.

दोन्ही फायली त्या क्षणाच्या प्रती आहेत. नंतर मूळ कॅलेंडरात वेळ बदलली तरी दिलेल्या फाईलमध्ये जुनीच राहते. बदल आपोआप पोचायला हवे असतील तर कॅलेंडरची लिंक देऊन सबस्क्राइब करायला सांगा.

तीच सीएसव्ही गूगलमध्ये दुसऱ्यांदा घेतली तर प्रत्येक नोंद दोनदा दिसते, कारण ओळींना ओळख क्रमांक नसतो. इम्पोर्ट झालेलं एका बटणाने मागे घेता येत नाही, म्हणून गूगल आणि थंडरबर्डमध्ये आधी रिकामं नवं कॅलेंडर तयार करा आणि त्यात फाईल घ्या. बिघडलं तर ते कॅलेंडरच काढून टाकता येतं. आउटलूकसाठी सीएसव्हीत ‘कॅटेगरीज’ नावाचा रकाना जोडून सगळ्या ओळींत एकच खूण भरा, उदाहरणार्थ ‘जीएसटी २०२६’. गडबड झालीच तर कॅलेंडर यादीच्या रूपात उघडून त्या खुणेने गट पाडा, पूर्ण गट निवडा आणि डिलीट करा.