पंतप्रधानांच्या दौऱ्यातील केंद्र व राज्याचे सुरक्षा अधिकार

पंतप्रधान एखाद्या राज्याच्या दौऱ्यावर गेले की एकाच रस्त्यावर दोन यंत्रणांचा बंदोबस्त लागतो: केंद्राच्या विशेष संरक्षण गटाचा, म्हणजे एसपीजीचा, आणि राज्य पोलिसांचा. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय. एसपीजी मात्र संसदेच्या १९८८ च्या कायद्यावर उभी आहे.

या कायद्याने एसपीजीकडे निकटची सुरक्षा सोपवली आहे. प्रवासात व मुक्कामी पंतप्रधानांभोवतीचे कडे, व्यासपीठ, त्यालगतचा मोकळा ठेवलेला पट्टा आणि जवळ कोणाला जाऊ द्यायचे, हे सारे त्यात येते. त्यापलीकडचा रस्ता, इमारतींच्या गच्च्या, गर्दी, वाहतूक आणि आंदोलक राज्य पोलिसांकडे. जमावबंदीचा आदेशही एसपीजी काढत नाही. महाराष्ट्रात तो पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी काढतात. कलम १४ प्रमाणे एसपीजीने मागितलेली मदत राज्याला द्यावीच लागते, पण मदतीचे बंधन म्हणजे हुकमत नव्हे: जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आपल्या राज्यातील वरिष्ठांनाच उत्तर देतो.

हा सांधा जुळतो तो आगाऊ सुरक्षा बैठकीत, पोलिसी बोलीत ‘एएसएल’मध्ये. एसपीजी, गुप्तचर विभाग, राज्य पोलीस आणि जिल्हा प्रशासन मार्ग, वेळा, राखीव रुग्णालय, अग्निशमन ठरवतात. इतिवृत्तावर सह्या होतात, मग ताफ्याची रंगीत तालीम. हेलिकॉप्टरचा बेत असला तरी खराब हवेसाठी रस्त्याचा पर्याय आखावाच लागतो. कागदावर तो असतोच. प्रश्न असतो ऐनवेळी त्यावर माणसे उभी करण्याचा.

५ जानेवारी २०२२ रोजी पंजाबात नेमके हेच झाले. हवा खराब असल्याने पंतप्रधान भटिंड्याहून हुसैनीवाला येथील राष्ट्रीय हुतात्मा स्मारकाकडे मोटारीने निघाले. स्मारक सुमारे ३० किलोमीटरवर असताना आंदोलकांनी रस्ता अडवला आणि ताफा उड्डाणपुलावर १५-२० मिनिटे खोळंबला. केंद्र आणि पंजाब दोघांनीही स्वतंत्र चौकशी समित्या नेमल्या. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही थांबवून निवृत्त न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांची समिती नेमली. तिच्या अहवालानुसार पुरेसे मनुष्यबळ हाताशी होते आणि मार्गाची सूचना दोन तास आधी मिळाली होती. तरीही फिरोजपूरच्या पोलीस प्रमुखांनी कर्तव्य पार पाडले नाही.