शील्डचे शेवटचे दहा सेंटिमीटर

मोटर चालू केली की एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या उपकरणाची) मोजणी चुकते, मोटर बंद असली की सगळे ठीक. कारखान्यांतली ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावरचे उपायही ठरून गेले आहेत. आधी शील्ड (तारांभोवतीचे धातूचे वेष्टण, बहुधा विणलेली जाळी) असलेली महाग केबल आणायची, मग एन्कोडर बदलायचा, आणि तरी भागले नाही तर मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा नवा खड्डा खणायचा. एवढा खर्च करूनही पुष्कळदा फरक पडत नाही, कारण खरा दोष कनेक्टरच्या मागच्या टोपणात असतो, जिथे केबलची शील्ड संपते.

आधी हा त्रास देणारा प्रवाह येतो कुठून ते पाहू. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर चालणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) आत सुमारे ५८७ व्होल्टचा डीसी दाब तयार होतो. आतले आयजीबीटी (झटपट चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला देतात. दर वेळची उडी साधारण १०० नॅनोसेकंदांत पुरी होते. ड्राइव्हच्या पडद्यावर ५० हर्ट्झ दिसत असले, तरी इतक्या खड्या उडीत ३ मेगाहर्ट्झपर्यंतची ऊर्जा भरपूर असते आणि त्यापुढेही काही उरते. मोटरचे वाइंडिंग आणि तिची बॉडी यांच्यात, तसेच केबलच्या कोअर (आतल्या तारा) आणि शील्ड यांच्यात, थोडा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) असतोच. प्रत्येक उडीबरोबर त्यातून काही अँपिअरचा क्षणिक प्रवाह बॉडीत उतरतो आणि ड्राइव्हकडे परत जायची वाट शोधतो. त्याला जमिनीत जायचे नसते, ज्या ड्राइव्हमधून निघाला तिथेच परतायचे असते. मोटरच्या केबलची शील्ड नीट जोडलेली नसेल, तर तो एन्कोडरच्या केबलची शील्ड पकडतो. म्हणून तक्रार एन्कोडरची असली तरी दुरुस्तीची सुरुवात मोटरच्या केबलपासून करावी.

आता शील्डचे टोक. बहुतेक पॅनेलांत जाळी उसवून, पीळ देऊन तिची शेपटी केलेली असते. तिला लग (धातूचे टोक) लावून ती अर्थच्या पट्टीवर कसलेली असते, नाहीतर कनेक्टरच्या एखाद्या पिनला डाग दिलेला (सोल्डर केलेला) असतो. या शेपटीला पिगटेल म्हणतात. तारेच्या प्रत्येक मिलिमीटरमागे साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) धरला, तर १० सेंमी पिगटेलचा इंडक्टन्स १०० नॅनोहेन्री होतो. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ओहमच्या लाखाव्या भागांत मोजावा लागेल इतका क्षुल्लक असतो. ३ मेगाहर्ट्झला मात्र तो १.९ ओहम आणि ३० मेगाहर्ट्झला १९ ओहम होतो. शील्डमधून ४ अँपिअरचा झटका आला, तर ३ मेगाहर्ट्झच्या हिशेबाने पिगटेलच्या दोन टोकांत साडेसात व्होल्टचा फरक पडतो आणि तो आतल्या सगळ्या कोअरवर एकदम चढतो. एन्कोडरचे सिग्नल घेणारा आरएस-४२२ रिसीव्हर (दोन तारांतला फरक वाचणारा) दोन्ही तारांवर सारखाच चढलेला दाब ±७ व्होल्टपर्यंत सहन करतो. त्यापुढे तो काय वाचेल याची शाश्वती नसते. ओपन-कलेक्टर पद्धतीच्या (एकाच तारेवर सिग्नल देणाऱ्या) एन्कोडरला एवढीही सवलत नाही, तो याच्या कितीतरी आधी चुकतो.

चूक किती महाग पडते याचा अंदाज घ्या. २५०० पल्सचा एन्कोडर, चौपट मोजणी म्हणजे फेऱ्याला १०,००० काउंट, आणि १० मिमी पिचचा बॉलस्क्रू (फिरणे सरळ सरकण्यात बदलणारा, इथे फेऱ्याला १० मिमी सरकवणारा स्क्रू) असेल तर एक काउंट म्हणजे १ मायक्रॉन. फेऱ्याला वीस खोटे काउंट धरले, तर पन्नास फेऱ्यांत जॉब १ मिमीने सरकतो.

रुंद, चपटी विणलेली पट्टी वापरली तर? १० सेंमी लांब आणि २० मिमी रुंद पट्टीचा इंडक्टन्स सुमारे ५५ नॅनोहेन्री भरतो. फायदा होतो, पण जेमतेम निम्मा. लांबी १० वरून २ सेंमीवर आणली तर याहून जास्त मिळते. आणि जाळी पूर्ण गोल, ३६० अंशांत, धातूच्या टोपणाला चिकटली तर प्रश्नच बदलतो. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालाच धरून वाहतो. ३ मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम ३८ मायक्रॉन आत शिरतो. त्यामुळे त्रासदायक प्रवाह शील्डच्या बाहेरच्या अंगाने आणि सिग्नल आत, असे दोन्ही वेगळे राहतात. प्रवाह चारी बाजूंनी सारखा पसरलेला असला की आतल्या पोकळीत त्याचे चुंबकीय क्षेत्र परस्परांना मारते. पिगटेल हा समतोल मोडते. सगळा प्रवाह एका तारेत कोंबला जातो आणि तिच्याभोवतीचे क्षेत्र शेजारच्या उघड्या कोअरना ट्रान्सफॉर्मरसारखे वेढते.

नऊ किंवा पंधरा पिनच्या डी-सब (डी आकाराच्या धातूच्या कडेच्या) कनेक्टरवर हे काम हाताने नीट होते. बाहेरच्या आवरणाला उथळ चीर द्यावी आणि केबल वाकवून ते तोडावे. ब्लेड जाळीपर्यंत पोचले तर बारीक तारा तुटतात आणि ते टोपणाखाली कधीच दिसत नाही. सुमारे २० मिमी जाळी उघडी करून ती न उसवता तशीच मागे, आवरणावर उलटवावी. तिच्यावर वाहक चिकट असलेल्या तांब्याच्या टेपचे एक-दोन वेढे द्यावेत आणि टोपणाचा क्लँप बरोबर त्यावर बसवावा. क्लँप ढिला असेल तर टेपचे वेढे वाढवावेत. फार आवळला तर कोअरचे इन्शुलेशन दबते आणि काही महिन्यांनी शॉर्ट होते. जाळीला डाग देण्याचा मोह टाळावा, त्या उष्णतेने आतले प्लॅस्टिक वितळते. फॉइलवाल्या केबलीत ॲल्युमिनियमची पातळ फिल्म असते. तिची एकच बाजू वाहक असते आणि ती नुसती आवळून भरवशाचा जोड होत नाही. तिच्यासोबतची उघडी ड्रेन वायर जाळीभोवती गुंडाळून क्लँपखालीच घ्यावी, पिनवर नेऊ नये. टोपणाच्या आत उघड्या राहणाऱ्या कोअर २५ मिमीपेक्षा लांब नसाव्यात आणि जोड्यांचा पीळ शेवटपर्यंत टिकवावा. इथरनेटच्या कॅट-५ई केबलला तर पीळ जास्तीत जास्त १३ मिमी उसवण्याची मुभा आहे.

टोपण ओतीव झिंकचे घ्यावे. प्लॅस्टिकवर धातूचा मुलामा दिलेली टोपणे दिसायला तशीच असतात, पण घासली जाणारी जागा लवकर उघडी पडते. नराच्या (पिना असलेल्या कनेक्टरच्या) धातूच्या कडेवर बारीक फुगवटे असतील असाच कनेक्टर निवडावा, कारण समोरच्या कनेक्टरला सगळ्या बाजूंनी टेकण्याचे काम तेच करतात. दोन्ही बाजूंचे स्क्रू लावावेत. एकच स्क्रू लावून सोडलेला कनेक्टर एका अंगाने उघडतो आणि त्या फटीपाशी वर सांगितलेला समतोल पुन्हा मोडतो.

इथवर नीट केले आणि समोरचा सॉकेट फक्त सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेला असला, तर हा प्रवाह थेट बोर्डात शिरतो. ध्वनितंत्रज्ञांना हा दोष ‘पिन १’ या नावाने ठाऊक आहे, कारण मायक्रोफोनच्या एक्सएलआर कनेक्टरमध्ये शील्ड पिन १ वर असते. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्याची सविस्तर मांडणी केली. शील्ड खोक्याच्या धातूला, खोक्यात शिरण्याच्या जागीच जोडायची, हा त्यावरचा उपाय औद्योगिक पॅनेलला जसाच्या तसा लागू पडतो.

पॅनेलमध्ये मात्र रंग आडवा येतो. पावडर कोटिंग हे उत्तम इन्शुलेटर आहे, ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा थरही. धातूची ईएमसी ग्लँड (केबलची शील्ड खोक्याच्या धातूला जोडणारी) बसवताना नटच्या आकाराचा गोल रंग खरवडून धातू चमकेपर्यंत साफ करावा, दात असलेला वॉशर घालावा, ग्लँड आवळावी आणि नंतर सांध्यावर बाहेरून रंग किंवा ग्रीस लावावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. ड्राइव्ह आणि शील्डचे क्लँप रंगवलेल्या प्लेटऐवजी गॅल्व्हनाइज्ड बॅकप्लेटवर (पॅनेलच्या आतल्या मागच्या पत्र्यावर) बसवले तर खरवडण्याचे काम बरेच वाचते. कोकणपट्टीच्या खाऱ्या दमट हवेत उघडे तांबे थेट ॲल्युमिनियमवर दाबू नये. कथिलाचा मुलामा असलेली जाळी आणि टेप वापरावी, नाहीतर एका पावसाळ्यात ॲल्युमिनियम पांढरी भुकटी सोडू लागते.

शील्ड एका टोकाला जोडावी की दोन्ही, हा वाद जुना आहे. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) किंवा माइकसारख्या अशक्त, मंद सिग्नलला ५० हर्ट्झची घरघर नको असते आणि तिथे एक टोक मोकळे ठेवण्यात अर्थ आहे. तोच नियम एन्कोडरला लावला की बिघडते. एका टोकाला मोकळी सोडलेली ३० मीटरची शील्ड २.५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाव-तरंगलांबीचा अँटेना बनते, म्हणजे नेमकी ड्राइव्हच्या त्रासाच्या पट्ट्यात. अशी केबल दोन्ही टोकांना, पूर्ण गोल, जोडलीच पाहिजे. दोन पॅनेलांच्या बॉडीत दाबाचा फरक असल्याने शील्ड गरम होत असेल, तर केबलीला समांतर १६ चौरस मिमीची तांब्याची तार टाकून दोन्ही बॉडी बांधाव्यात. तेही शक्य नसेल तर एका टोकाला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चालतो. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३ लाख ओहमच्या वर आणि ३ मेगाहर्ट्झला सुमारे ५ ओहम असतो. त्याचे पाय मात्र शक्य तितके आखूड हवेत, नाहीतर तेच पिगटेल होतात.

अर्थिंगच्या खड्ड्याने काम का होत नाही, तेही याच हिशेबात बसते. खड्ड्यापर्यंत जाणाऱ्या १० मीटर तारेचा इंडक्टन्स १५ मायक्रोहेन्रीच्या पुढे जातो. ३ मेगाहर्ट्झला तो जवळजवळ ३०० ओहमची भिंत उभी करतो. अर्थिंगची हिरवी-पिवळी तार माणसाचा जीव वाचवते, गळतीपासून संरक्षण देते. ती काढून प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ. सिग्नलची सफाई मात्र तिच्याकडून होणार नाही.

तपासणीआधी ड्राइव्ह बंद करून त्यावर लिहिलेला वेळ थांबावे, आतले कपॅसिटर बराच वेळ भारलेले असतात. साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून काही कळत नाही, त्याच्या प्रोबच्या तारांचाच रोध ०.१ ओहमच्या वर असतो. बेंच सप्लायने (टेबलावरच्या डीसी पुरवठ्याने) टोपण आणि बॅकप्लेट यांच्यातून १ अँपिअर सोडावा आणि जोडाच्या दोन बाजूंना मिलिव्होल्ट मोजावेत. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. अमेरिकी लष्कराच्या जुन्या एमआयएल-बी-५०८७ मानकात रेडिओ लहरींसाठीच्या जोडाची मर्यादा २.५ मिलिओहम होती आणि इथेही तोच आकडा धरावा. पण ०.५ चौरस मिमीची १० सेंमी पिगटेलही डीसीला साडेतीनच मिलिओहम दाखवते, म्हणून टोपण उघडून पाहण्याला पर्याय नाही. दुसरी मोजणी फेराइटच्या चिमट्यावर (केबलीभोवती बसणाऱ्या चुंबकीय कडीवर) पाच वेढे घालून ऑसिलोस्कोपने होते, आणि ती कुठे घ्यायची हे कळले पाहिजे. शील्ड नीट जोडली की तिच्या बाहेरून वाहणारा प्रवाह वाढतो. तिथे मोजणारा माणूस काम बिघडले असे समजतो. चिमटा शील्ड संपल्यानंतरच्या कोअरच्या जुडग्यावर लावावा, घट तिथे दिसते. मिलिव्होल्टची मोजणी चालू असतानाच केबल टोपणापाशी चारी दिशांना वाकवून पाहावी. आकडा उडत असेल तर क्लँप जाळीवर नसून नुसत्या आवरणावर बसलेला असतो. मग ते टोक कापून पुन्हा पहिल्यापासून करावे.