आमटी

शिजवून घोटलेल्या डाळीत आंबट, गूळ, तिखट, मीठ व मसाला घालून आणि तिला फोडणी देऊन उकळलेल्या पातळ पदार्थास आमटी म्हणतात. महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील रोजच्या जेवणाचा ती एक मुख्य घटक असून भात, पोळी आणि भाकरी या तिन्हींबरोबर ती खाल्ली जाते. तूरडाळ हे तिचे सर्वसामान्य द्रव्य असले, तरी मूग, मसूर, हरभरा, वाल, कुळीथ, मटकी व भुईमुगाचे दाणे यांच्याही आमट्या केल्या जातात. वरण आणि आमटी यांतील सीमारेषा घरोघर थोडी सरकते. सामान्यतः हिंग, हळद व मीठ यांपलीकडे काही न घातलेली घोटलेली डाळ ती साधे किंवा गोडे वरण, तिला फोडणी दिली की फोडणीचे वरण आणि तीत आंबट, गूळ व मसाला पडला की आमटी, असा क्रम धरला जातो. पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत मात्र आमटी हा शब्द कोणत्याही पातळ कालवणाला लावतात, त्यामुळे अंड्याची किंवा सुक्या बोंबलाची आमटी असेही प्रयोग तेथे रूढ आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः डाळीच्या आमटीचा विचार केला आहे. तिच्या नावाचा संबंध ‘अम्ल’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. आंबटाशिवाय आमटी होत नाही, हे पाहता हा संबंध ग्राह्य वाटतो.

आमटीच्या प्राचीनतेचा प्रश्न प्रथम तुरीच्या प्राचीनतेशी येऊन थांबतो. तूर (कजानस कजान) मूळची आफ्रिकेतील की भारतातील, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच-स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फाँस द काँदॉल याने आफ्रिकेच्या बाजूने मत दिले होते. ईजिप्तमधील एका प्राचीन थडग्यात सापडलेले बी आणि ‘काँगो वाटाणा’, ‘अंगोला वाटाणा’ यांसारखी प्रचलित नावे यांचा आधार या पक्षाला मिळाला. पुढील अभ्यासात मात्र तुरीच्या जवळच्या रानटी जाती भारतीय उपखंडात अधिक संख्येने आढळतात, आणि तिची निकटतम रानटी जाती मानली जाणारी कजानस कजानिफोलियस ही ओडिशा, बस्तर व लगतच्या प्रदेशांत वाढते, हे स्पष्ट झाले. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फान डर माएसेन यांनी १९८० नंतरच्या दशकात हा पुरावा पद्धतशीर मांडला. आज भारतीय उगमाचे मत सामान्यतः स्वीकारले जाते व तेच अधिक सयुक्तिक आहे. लागवडीचा आरंभ पूर्व भारताच्या डोंगराळ पट्ट्यात झाला असावा, असा अंदाज त्यातून निघतो.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील ताम्रपाषाणयुगीन स्तरांतून तुरीचे अवशेष नोंदले गेले आहेत. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात पडतो. तथापि जळालेले दाणे, विशेषतः डाळीसारखे दुभंगलेले अर्धे, कोणत्या जातीचे आहेत हे ठरवणे नेहमीच सोपे नसते, ही मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. इनामगाव व नेवासे यांसारख्या दख्खनमधील इतर स्थळांवरून कुळीथ, मसूर, लाख (लाखोळी) व वाटाणा या कडधान्यांचा पुरावा मिळतो. यावरून दख्खनच्या जुन्या आहारात कुळीथ व लाख यांचे स्थान मोठे असावे आणि तुरीने त्यांना क्रमाक्रमाने मागे सारले असावे, असे म्हणता येईल. कोकणातील कुळथाचे पिठले व कळण आणि विदर्भातील लाखोळीची डाळ हे त्या जुन्या थराचे आजचे अवशेष मानावेत काय, हा प्रश्न विचारार्ह आहे. लाखेच्या अतिसेवनाने पाय लुळे पडण्याचा विकार होत असल्याने १९६१ मध्ये अन्नभेसळविषयक नियमांद्वारे तिच्या विक्रीवर निर्बंध आले. महाराष्ट्रात ते अलीकडे शिथिल करण्यात आले.

ग्रंथांतरी तुरीचा उल्लेख आढकी या नावाने होतो. चरकसंहितेत शिंबीधान्यांच्या, म्हणजे शेंगांत येणाऱ्या धान्यांच्या वर्गात तिचे गुण सांगितले असून ती कफपित्तघ्न पण वातकारक मानली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या, सामान्यतः इ. स. ११२९ ते ११३१ च्या सुमारास रचल्या गेलेल्या मानसोल्लासातील अन्नभोगाच्या प्रकरणात डाळी शिजवण्याच्या कृती येतात, आणि त्यांत हिंग, हळद व सैंधव यांचा उपयोग सांगितला आहे. हिंग-हळद घालून शिजवलेले आजचे वरण या परंपरेच्या जवळचे आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्या कृतींना आमटीचे पूर्वरूप ठरवणे घाईचे होईल, कारण आंबट, गूळ व फोडणी यांचा विशिष्ट मेळ हे आमटीचे लक्षण आहे व तो मेळ तेथे स्पष्टपणे दिसत नाही. रघुनाथ या मराठी पंडिताच्या भोजनकुतूहल या संस्कृत ग्रंथाचा काळ परशुराम कृष्ण गोडे यांनी १६७५ ते १७०० असा निश्चित केला आहे. त्यात खाद्यपदार्थांचे गुणदोष आयुर्वेदाच्या अंगाने येतात. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात किनाऱ्यावर आली आणि देशावर ती रुळण्यास आणखी काळ गेला असावा. तोवर तिखटपणासाठी मिरे, पिंपळी व आले यांवर भर असे. लाल तिखट घातलेली आजची आमटी त्यामुळे फार तर तीनचारशे वर्षांची असू शकते. छापील मराठी पाकग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात आणि रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) हे त्यांतील आरंभीचे होय.

आमटीपासून दक्षिणेतील सांबार निर्माण झाले, ही आख्यायिका येथे तपासणे इष्ट आहे, कारण लोकप्रिय लेखनात ती इतिहास म्हणून सांगितली जाते. तंजावरचा भोसले राजा शाहजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) याच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी लागणारी आमसुले संपली, म्हणून चिंच वापरण्यात आली आणि पाहुणे आलेल्या छत्रपती संभाजी महाराजांच्या नावावरून त्या पदार्थास सांबार म्हणू लागले, असा तिचा आशय आहे. या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखवला जात नाही. कालगणनाही तिला प्रतिकूल आहे. संभाजी महाराजांचा वध मार्च १६८९ मध्ये झाला. शाहजीच्या राज्यारोहणापासून तोपर्यंतची पाच वर्षे ते मोगल, सिद्दी व पोर्तुगीज यांच्याशी चाललेल्या संघर्षात गुंतलेले होते. त्यांची दक्षिणेतील स्वारी १६८२ च्या सुमाराची, म्हणजे शाहजीचा पिता एकोजी याच्या हयातीतील आहे. शिवाय दक्षिणेत चिंच तोपूर्वी शतकानुशतके वापरात होती आणि ‘संभार’ हा मसाल्याच्या सामग्रीचा वाचक शब्द स्वतंत्रपणे उपलब्ध होता. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ही गोष्टही त्याच दिशेने बोट दाखवते. तंजावरच्या मराठी दरबारामुळे दोन पाकपरंपरांची देवाणघेवाण झाली, हे मात्र मान्य करावे लागते. दुसऱ्या सरफोजीच्या काळात (१७९८ ते १८३२) पाकविषयक नोंदी मराठीतून लिहिल्या गेल्या व त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. सांबाराचे मूळ एका प्रसंगात न शोधता अशा दीर्घ सहवासात शोधणे अधिक योग्य होय.

आमटीच्या कृतीतील कळीचा मुद्दा आंबट केव्हा घालावे, हा आहे. डाळ मऊ होते ती तिच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन पाण्यात विरघळू लागल्याने, आणि आम्लाच्या सान्निध्यात ही क्रिया मंदावते. चिंच किंवा आमसूल आधी घातल्यास डाळ कितीही शिजवली तरी कणीदार राहते, आणि म्हणूनच डाळ पूर्ण शिजून घोटून झाल्यावरच आंबट घालण्याचा प्रघात पडला. जड पाण्याचा परिणामही असाच होतो. त्यातील कॅल्शियम पेक्टिनशी संयोग पावून ते घट्ट करते, त्यामुळे देशावरील अनेक विहिरींच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. त्यावर पाण्यात चिमूटभर सोडा टाकण्याचा उपाय केला जातो, परंतु त्याने डाळीतील थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होत असल्याने तो टाळलेलाच बरा. डाळ अर्धा तास आधी भिजत घातल्याने पुष्कळसे काम होते. पूर्वी डाळ चुलीवर आधणात वैरून शिजत आली की वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, सरकवत आणि मंद आचेवर मुरू देत. भारतात प्रेशर कुकरचे उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झाले. त्यात पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापत असल्याने तासाभराचे काम वीसएक मिनिटांवर आले आणि वरण-भात एकाच भांड्यात, एकावर एक डबे ठेवून करण्याची रीत शहरी घरांत पक्की झाली.

आंबटाच्या निवडीत भूगोल स्पष्ट दिसतो. कोकण व गोवा येथे रातांब्याच्या वाळवलेल्या साली, म्हणजे आमसुले वा कोकम, वापरतात, तर देशावर चिंचेचा कोळ घालतात. आमसुलातील आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा व चिंचेतील टार्टारिक आम्लाचा असून चिंच अधिक तीव्र लागते. चिंचेच्या आमटीत गूळ हात सैल सोडून घालतात, याचे हे एक कारण असावे. वाटीभर डाळीला चार-पाच आमसुले किंवा सुपारीएवढी चिंच व तेवढाच गूळ हे प्रमाण सर्वसाधारण आहे. कैरीच्या दिवसांत कैरीच्या फोडी व अलीकडे सर्रास टोमॅटो घालतात. टोमॅटो घातलेली आमटी रंगाने चांगली दिसते, परंतु चवीला उथळ होते, असे जुन्या पिढीचे मत आहे व ते अगदीच अग्राह्य नाही.

फोडणीत तापलेल्या तेलात प्रथम मोहरी घालतात. ती तडतडल्यावर जिरे, हिंग, हळद व कढीपत्ता या क्रमाने पडतात. हिंगातील गंधकयुक्त द्रव्ये व हळदीतील रंगद्रव्ये तेलात विरघळणारी असल्याने फोडणीशिवाय त्यांचा पूर्ण उपयोग होत नाही. मसाल्यांत गोडा मसाला मुख्य असून त्यात धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, मिरे, तमालपत्र, शहाजिरे, नागकेशर व दगडफूल हे पदार्थ निरनिराळे भाजून एकत्र कुटतात. यांतील दगडफूल हे फूल नसून खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक (लायकेन) आहे. कच्चे असताना त्याला विशेष वास नसतो, तो तेलात परतल्यावरच सुटतो. गोडा मसाला व काळा मसाला एकच की भिन्न, याबाबत एकवाक्यता नाही. पुणे-सातारा भागांतील अनेक घरांत दोन्ही नावे एकाच मसाल्याला आहेत, तर सोलापूर, मराठवाडा व खानदेश येथील काळ्या मसाल्यात मिरची, आणि काही ठिकाणी कांदाही असतो. पदार्थांची यादी व तिखटपणा पाहता त्यांना दोन कुळे मानणे सोयीचे होईल.

प्रादेशिक प्रकारांत पुरणासाठी शिजवलेल्या हरभरा डाळीच्या निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी सर्वांत प्रसिद्ध आहे. होळीला व इतर सणांना पुरणपोळीबरोबर ती केली जाते. तिला काही भागांत येळवणी, तर खानदेशात रशी म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात मासवडीबरोबर (सारण भरलेल्या बेसनाच्या वडीबरोबर) झणझणीत आमटी असते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात आठवडी बाजाराशी निगडित असलेली, अनेक डाळी एकत्र शिजवून केलेली बाजार आमटी भाकरी चुरून खातात. उपवासाला वरीच्या तांदळाबरोबर दाण्याच्या कुटाची आमटी चालते. शेवग्याच्या शेंगा, वांगी किंवा मुळा घातलेल्या तूरडाळीच्या आमट्या सर्वत्र आढळतात. डाळींपैकी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. लातूर व अकोला ही डाळगिरण्यांची मोठी केंद्रे आहेत.

रोजच्या जेवणात आमटी वाटीत, आणि पंगतीत केळीच्या पानावर द्रोणात वाढतात. पंगतीत पहिला भात वरण, तूप व लिंबू यांच्याबरोबर, नंतरचा आमटीबरोबर आणि शेवटचा ताकाबरोबर, असा क्रम आहे. पाहुणचाराच्या दृष्टीने तिची सोय ही, की आयत्या वेळी माणसे वाढली तरी उकळते पाणी, थोडे तिखट-मीठ व वरून पुन्हा एक फोडणी देऊन ती पुरवता येते. थंड पाणी घातल्यास डाळ व पाणी वेगळे दिसू लागते, म्हणून ते टाळतात. ‘पाहुणे आले, आमटीत पाणी घाला’ हे वाक्य थट्टेने वापरले जात असले, तरी व्यवहारात ते शब्दशः पाळले जाते. साध्या घरी चार जणांना वाटीभर डाळ पुरेशी होते. तूरडाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. त्यांतील लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) भातात कमी असते व भातातील मेथायोनिन हे अमिनो आम्ल डाळीत कमी असते, त्यामुळे आमटी-भात एकमेकांस पूरक ठरतात.

बडोदे, इंदूर व ग्वाल्हेर येथील मराठी घरांत चिंचगुळाची आमटी टिकून आहे. बडोद्यात ती गुजराती गोड डाळीच्या इतकी जवळ येते की दोहोंतील फरक मुख्यतः गोड्या मसाल्याने ओळखावा लागतो.